बुडाचाही फोटो पाठवा

वारेनाच्या जंगलात सप्टेंबर उतरला की
आमच्या पानावर टोपल्या येऊन बसतात.
कुणाच्या स्वयंपाकघरातलं मेणकापड, त्यावर चार अळंब्या,
शेजारी सुरी, कडेला मांजराचं शेपूट
आणि खाली एवढंच: खाऊ का?

आम्ही तिघं.
दांगुओले, पस्तीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी राहिलेली.
रिमविदास, लाकडाचा ट्रक हाकतो
आणि थांब्याथांब्यावर उत्तरं देतो.
आणि मी, सर्व्हरचं बिल भरणारा.
अळंबी मला अजून धड ओळखता येत नाही,
म्हणून सगळ्यांना एकच लिहितो:
नुसती टोपी नको, बुडाचाही फोटो पाठवा.
विष वरून कळत नाही.
माती झटकली की कळतं,
देठाखाली पांढरी पिशवी असते.

आता राजधानीत एक मसुदा उगवलाय.
त्याची टोपी देखणी आहे, तिच्यावर सुरक्षितता असं लिहिलंय.
एकेचाळीस पानं उकरत मी बुडाशी पोचलो
तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.
परक्यानं लिहिलेल्या प्रत्येक शब्दाला
जागा देणारा जबाबदार.
आधी तपासा, मग दिसू द्या, चुकलात तर दंड.
म्हणजे ‘थांब, खाऊ नकोस’ हेसुद्धा
माझ्या परवानगीवाचून उमटायचं नाही.
आणि मी झोपलेला असलो तर?

मंगळवारी सगळे दिवे मालवणार म्हणे,
जुन्या मोटारीवाले, मधमाश्यावाले, गावोगावचे गायकवृंद,
चोवीस तास काळा पडदा.

रिमविदास म्हणाला, आपणही. पूर्ण काळं.
आपण नाही म्हटलं तर कोण म्हणणार,
तिथं बसलेले तर ढिम्म हलत नाहीत.

दांगुओले चष्मा पुसत राहिली.
रविवारी पाऊस झालाय, ती म्हणाली,
मंगळवारी जंगल भरून येईल.
अळंबीला तुमचा निषेध ठाऊक नाही.

मग तिनं ते सांगितलं, जे इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं.
एक माणूस दुकानात आला होता, पोटदुखीचं औषध द्या म्हणाला.
तिनं दिलं. काय खाल्लंत, हे विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी तो आभार मानायला आला,
बरं वाटतंय म्हणाला, मुलीसाठी गोळ्या घेऊन गेला,
खोकल्याच्या, लिंबाच्या चवीच्या.
ते विष मध्ये एक दिवस बरं वाटू देतं.
तिसऱ्या दिवशी तो आला नाही.

मी पडदा ओढला. पण खालच्या कोपऱ्यात
फोटो टाकण्याइतकी फट ठेवली.
रिमविदासनं फोनवर शिव्या घातल्या:
हा निषेध आहे की अर्धवट लावलेलं दार?
मला उत्तर सुचलं नाही.
आजही सुचत नाही.

मंगळवार, रात्रीचे अकरा चाळीस.
फटीतून एक फोटो आत आला.
पिवळ्या दिव्याखाली हिरवट टोप्या, सात,
तव्यात लोणी विरघळायला लागलेलं.
मी टाइप करू लागलो, बुडाचाही
आणि वाक्य पुरं व्हायच्या आत
कुठल्याशा महामार्गाच्या कडेला ट्रक थांबवून
त्यानंच लिहिलं, ज्याला पूर्ण काळोख हवा होता:

शिजवू नका. थांबा.

तीन शब्द. मी तपासले नाहीत.
कुणीच तपासले नाहीत.
मसुदा कायदा झाला तर
हे तीन शब्द माझ्या नावावर गुन्हा म्हणून लागतील.

दांगुओले जागीच होती. आम्ही तिघंही काही लिहीत नव्हतो,
काळ्या पानावरची ती फट तेवढी उजळ.
पाऊण तासानं एक फोटो आला, शब्द नाहीत:
अंगणात खणलेला खड्डा,
त्यात उपडी टोपली,
आणि काठावर बसून आत डोकावणारं मांजर.